व्राचेवांकडचं विरजण

८ मार्च, शनिवार

यामिनीच्या हुकमावरून आज शेजारच्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसलो. नोकरी गेल्यापासून घरात माझी किंमत रिकाम्या खुर्चीइतकी झाली आहे. कोणीही उचलावी आणि हवी तिथे ठेवावी. म्हाताऱ्याची मुलगी नेवेना नर्स आहे आणि शनिवारी तिची ड्यूटी असते. "दोन तास बसायचं फक्त. नाहीतरी घरात तू काय करतोस?" असं म्हणून यामिनीने भरल्या वांग्यांचा डबा हातात दिला.

म्हाताऱ्याचं नाव स्तामेन व्राचेव. मूळचे बल्गेरियाचे, वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांच्या ऐन मध्यावर अंधार आहे, फक्त कडेकडेने थोडं दिसतं. बोस्टनजवळच्या ह्या श्रूजबरीत येऊन वीसेक वर्षं झाली, त्यातली बरीचशी एका कॉलेजच्या लायब्ररीची राखण करण्यात गेली. ग्रीन कार्ड म्हणे लॉटरीत लागलं! आम्ही तेरा वर्षं रांगेत उभं राहून वाळलो आणि ह्यांना घरबसल्या लॉटरी. वांगी परत न्यावीत असं क्षणभर मनात आलं.

मग कळलं की गृहस्थ कथाकार आहेत. चार कथासंग्रह. मी लगेच सांगून टाकलं की मीही कथा लिहितो. (आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाने सहा वर्षं माझी एकही कथा घेतलेली नाही, हे सांगायचं काही कारण नव्हतं.) त्यांनी माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. मार्चमध्ये त्यांच्याकडे सगळेच बांधतात आणि पहिलं फुललेलं झाड दिसलं की त्याला नेऊन अडकवतात. निघताना म्हणालो, "पुढच्या शनिवारीही येईन. काळजी नको, मी सांभाळतो." ते हसले. कशाला हसले कोण जाणे.

१५ मार्च

व्राचेव फार प्रश्न विचारतात. साहित्याबद्दल एक नाही. घरून निघताना तुम्ही डबा उघडून बघता का? बायकोने दिलेलं सगळं आणता की थोडं आधी खाता? नोकरी गेल्यावर पहिला फोन कोणाला केला? मी मोकळेपणाने सगळं सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी तरी हवं असतं, दुसरं काय.

एकदम म्हणाले, "तुमच्या मिशीला औषधाचा वास येतो." कलप सकाळीच लावला होता. आंधळा माणूस आणि नाक बघा.

त्यांनी यामिनीसाठी विरजण दिलं. त्यांची बहीण गावाहून येताना दह्यात भिजवलेला रुमाल वाळवून घेऊन आली होती, त्यावरून धरलेलं आजवर चालू आहे. यामिनीने दूध लावलं. दही सुरीने कापावं असं लागलं, हे कबूल करायला हवं.

५ एप्रिल

आज व्राचेव कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलले. त्यांचं इंग्रजी मोजकं आहे, पण एकेक वाक्य ठोकून बसवल्यासारखं असतं. म्हणाले, "माझ्या भाषेत माझी पुस्तकं आता कोणी छापत नाही. प्रकाशक गेला, वाचणारे गेले. ज्या प्रती उरल्या त्या नेवेनाच्या कपाटात आहेत. मरण्याआधी एक गोष्ट कुठेतरी माझ्या नावाने छापलेली हवी. मला वाचता न येणाऱ्या भाषेत असली तरी चालेल."

माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "मराठीत छापू. तुमच्या नावाने. हा माझा शब्द."

"तुम्हाला त्यातून काय मिळणार?" त्यांनी विचारलं.

"आपल्यात काय हिशेब!" मी म्हणालो. त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. त्यांना तो शब्दप्रयोग इतका आवडला की त्यांनी माझ्याकडून दोनदा मराठीत म्हणवून घेतला.

संध्याकाळी यामिनी नेवेनाला डबा द्यायला गेली, तर व्राचेवांनी तिच्याकडून स्वतःचं नाव देवनागरीत काढून घेतलं. जाड मार्करने, मोठ्या कागदावर. भिंग कडेला धरून बराच वेळ पाहत होते म्हणे. यामिनी घरी येऊन सांगत होती, "म्हणाले, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आहेत." तिला कोणाचंही कौतुक असतं.

२६ एप्रिल

सोसायटीतलं क्रॅबअ‍ॅपलचं झाड फुललं. व्राचेवांनी दोऱ्याची चौकशी केली. तो मी मागेच एका व्हिडिओ इंटरव्ह्यूच्या आधी कापून टाकला होता. "झाडाला बांधला," असं सांगितलं. नोकरी मिळाली नाही ती नाहीच.

त्यांना विचारलं, कथेची कल्पना कशी सुचते? म्हणाले, "मला कल्पना अजिबात नाही. मी समोरच्या माणसाकडे बघतो, तो काय बोलतो ते ऐकतो. गावात न्हाव्यावर एक गोष्ट लिहिली होती. त्याने स्वतःला ओळखलं आणि पुढच्या खेपेला माझा कान कापला. हुशार माणूस होता. बाकीच्या कोणी कधी ओळखलं नाही. गोष्ट वाचताना प्रत्येकाला शेजारी दिसतो."

मी खो खो हसलो. आमच्या मंडळातही अगदी अशीच माणसं आहेत.

१७ मे

मंडळाच्या पॉटलकला प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ नेला होता, त्यात यामिनीचं दही एका फटक्यात संपलं. जो विचारेल त्याला ती सांगत होती, "आमच्या शेजारच्या व्राचेवांकडचं विरजण आहे हे." रेखाला सांगितलं, वीणाला सांगितलं, उल्काला तर बल्गेरियातल्या रुमालासकट सगळं सांगितलं. परतताना गाडीत मी म्हटलं, "दूध आपलं, पातेलं आपलं, मेहनत तुझी. दह्याला कसली आलीय वंशावळ?"

ती म्हणाली, "अरे, ज्याचं आहे त्याचं नाव सांगायला काय जातं?"

साध्या दह्यावरून वाद कोण घालणार. मी रेडिओ लावला.

१४ जून, शनिवार

आजचा दिवस विसरणार नाही. व्राचेवांनी मला एक नवी गोष्ट सांगितली. जुन्या पुस्तकातली नव्हे, गेल्या काही आठवड्यांत मनात जुळवलेली. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

डोंगराळ गावात एक मधपाळ असतो. डोळे जातात. शेजारी दर आठवड्याला त्याच्यासाठी घेवड्याचं सूप घेऊन येतो आणि जाताना मधमाश्यांची एक पेटी उचलून नेतो. "काळजी नको, मी सांभाळतो." मधपाळ विचारतो, मधाचं कसं करायचं? शेजारी म्हणतो, "आपल्यात काय हिशेब!" शेजाऱ्याची मिशी अक्रोडाच्या सालीने काळी केलेली. सूपही बायकोने केलेलं आणि वाटेत अर्धं स्वतः प्यायलेलं. होता होता अंगणात एकही पेटी उरत नाही.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"शेवट मला अजून दिसलेला नाही," ते म्हणाले.

काय गोष्ट आहे! असा कोडगा माणूस, आणि त्याला वाटतं आपण उपकार करतोय! माझा शब्दप्रयोग मात्र त्यांनी सरळ उचलला. म्हणजे एका परीने गोष्टीत माझाही हात आहे. मी तसं म्हटलं तर मान हलवून म्हणाले, "आहे. तुमच्याशिवाय झालीच नसती." मोठ्या मनाचा माणूस.

५ जुलै

अनुवाद पुरा झाला. मथळ्याखाली लिहिलं : मूळ कथा स्तामेन व्राचेव, अनुवाद संजय दाबके. वाचून पाहिलं तर अगदी परकं वाटतं. घेवड्याचं सूप कोण पितं मराठीत? सगळा प्रसंग महाबळेश्वराजवळच्या खेड्यात नेला. सुपाचं पिठलं केलं, अक्रोडाच्या सालीची मेंदी केली. महाबळेश्वरला मी स्ट्रॉबेरी क्रीमपलीकडे काही पाहिलेलं नाही, पण मध तिथे होतो एवढं पुरेसं आहे. आता ह्याला अनुवाद म्हणणं खोटेपणाचं होईल. "रूपांतर" असं केलं.

९ ऑगस्ट

शेवट मी लिहिला. मधपाळ मरताना शेवटची पेटी स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देतो आणि म्हणतो, "माझ्यापेक्षा तूच खरा मधपाळ." लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पण नीट विचार केला तर गाव माझं, भाषा माझी, पिठलं माझं, शेवट माझा. व्राचेवांचा राहिला तो सांगाडा. "रूपांतर" खोडून "एका परदेशी कथेवर आधारित" असं केलं. मराठीत हे चालतच आलेलं आहे.

२३ ऑगस्ट

दिवाळी अंकाची संपादक उल्का, तिचा फोन आला. यंदाच्या अंकात स्पर्धा आहे, पण फक्त स्वतंत्र कथांसाठी. "आधारित, रूपांतरित काही नकोय रे. तुझं ओरिजिनल काही असेल तर दे, नाहीतर इट्स ओके," असं म्हणाली. त्या "इट्स ओके"मध्ये सहा वर्षांचं साभार परत भरलेलं होतं.

व्राचेवांकडे गेलो. "गोष्ट कधी छापणार?" त्यांनी विचारलं. "दिवाळीत," मी सांगितलं. "माझ्या नावाने?" मी डब्याचं झाकण उघडत होतो. म्हटलं, "आधी जेवून घ्या, पोळ्या गार होतायत."

एक ओळ तर काढायची. पुढे पुस्तक निघेल तेव्हा ऋणनिर्देशात पानभर लिहीन त्यांच्याबद्दल. तेच जास्त शोभेल.

२० सप्टेंबर

कथा स्वीकारली! पहिलं बक्षीस! उल्का फोनवर म्हणाली, "संजय, इतकी वर्षं मी तुला काय सांगत होते, तुझ्या कथेत माणूस दिसत नाही. या वेळी दिसला. अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला, यार. कसं जमवलंस?" मी म्हटलं, साधना. वय एकोणसाठ, नोकरी नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कसं जमवलंस म्हणून विचारलं. फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. हे इथे लिहितो, कारण दुसरं कोणाला सांगणार?

यामिनीने प्रूफ वाचलं. शेवटचं पान उलटून परत पहिल्यावर आली. मग विचारलं, "व्राचेवांचं नाव कुठे आहे?"

"ती स्वतंत्र कथा आहे आता."

"बरं. आणि हा मिशीवाला शेजारी कोण, कळलं का तुला?"

"कोणी असं एक नसतं गं. मनुष्यस्वभाव असतो तो."

तिने कागद टेबलावर ठेवले आणि कणीक मळायला गेली. वाचनाची आवड सगळ्यांनाच असते असं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अंकाचं प्रकाशन झालं. शाळेचं सभागृह भरलेलं, नथी, पैठण्या, फराळ. मी कथा वाचली. लोक इतके हसले! मेंदीच्या मिशीचा उल्लेख आला तेव्हा पुढच्या रांगेत रेखाने पदर तोंडाला लावला आणि मागे कोणी तरी शिट्टी वाजवली. "आपल्यात काय हिशेब" हे वाक्य तर दुसऱ्यांदा सगळं सभागृह माझ्याबरोबर म्हणालं. नंतर मंडळातला विष्णू पाठीवर थाप मारून म्हणाला, "संज्या, मानलं तुला. स्वतःवर असं लिहायला जिगर लागते." काय बोलतो ते त्यालाच कळत नाही. चार चकल्या जास्त झाल्या असतील. यामिनी शेवटपर्यंत गाडीत बसून होती. डोकं दुखत होतं म्हणाली.

१ नोव्हेंबर, शनिवार

अंक घेऊन व्राचेवांकडे गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. नेवेनाला आज सुट्टी होती. तीही येऊन बसली.

त्यांनी अंक हुंगला. नव्या शाईचा वास आला तसा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. पानं हाताने चाचपली. म्हणाले, "माझं नाव कुठे आहे? माझं बोट त्याच्यावर ठेवा."

मी काय करायला हवं होतं? नेवेना समोर बसलेली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं मन मोडायचं? मी त्यांचं बोट धरलं आणि मथळ्याखालच्या नावावर ठेवलं. त्या पानावर नाव एकच होतं.

त्यांनी बोट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भिंग मागितलं. मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहू लागले. फार वेळ पाहत होते. यामिनीने काढून दिलेला कागद अजून भिंतीवर आहे, त्याच्याकडेही एकदा वळून पाहिलं. मला घाम फुटला. पण त्यांना काय कळणार, एवढ्याशा डोळ्यांनी.

"छान," ते म्हणाले. भिंग खाली ठेवलं. "मला शेवट दिसला." मग नेवेनाला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे न बघता उठली आणि रेकॉर्डर घेऊन आली. त्यांना काम करायचं होतं, म्हणून मी निघालो. डबा तिथेच राहिला.

१५ नोव्हेंबर

नेवेनाने डबा दारात आणून ठेवला. घासलेला, रिकामा. शनिवारी येण्याची गरज नाही म्हणाली, वडील कामात आहेत. यामिनीने माझ्यादेखत दह्याचं पातेलं उचललं आणि त्यांच्याकडे नेऊन दिलं. विरजणापुरतंही घरात ठेवलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आमची मुलगी रुचा बोस्टनहून आली आहे. तीच आम्हाला गावातल्या लायब्ररीत घेऊन गेली. व्राचेवांच्या नव्या कथेचं वाचन होतं, इंग्रजीत. मी जाणार नव्हतो, पण यामिनी म्हणाली, "तू यायचंस." पंधरा-वीस माणसं असतील. व्राचेव सूट घालून पुढे बसले होते. नेवेना वाचत होती. कथेचं नाव "शेजारी".

पहिल्या वाक्यालाच माझं डोकं फिरलं. माझी कथा! मी रुचाच्या कानात म्हटलं, "ही माझी आहे, अंकात छापलीय." ती म्हणाली, "बाबा, प्लीज, जस्ट लिसन."

मग शेवट आला. शेजारी आंधळ्या मधपाळाकडे मधाची बाटली भेट घेऊन येतो. बाटलीवर चिठ्ठी लावलेली असते. मधपाळ म्हणतो, कोणाचं नाव लिहिलंय, माझं बोट त्याच्यावर ठेव. शेजारी त्याचं बोट धरतो आणि स्वतःच्या नावावर ठेवतो. मग विचारतो, "चाखून बघ. गोड आहे ना?" मधपाळ चाखतो. म्हणतो, "गोड आहे. माझाच आहे."

तिथेच संपली.

लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या बोटाचा स्पर्श आठवला, कागदासारखं कोरडं बोट, मी चिमटीत धरलेलं. मग एकामागून एक सगळं आलं. डबा. मिशी. मी सांभाळतो. विष्णूची थाप. सभागृहात दोनशे माणसं माझ्याबरोबर मोठ्याने म्हणत होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला दिसत होतं. मला एकट्याला शेजारी दिसत होता.

रुचाने वळून विचारलं, "बाबा, आर यू ओके?" यामिनीने विचारलं नाही. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी मिशी काढून टाकली. आरशात भलताच म्हातारा दिसतो. उल्काला फोन करून कथा कोणाची ते सांगितलं. ती म्हणाली, "अंक तर वाटून झाले रे." बक्षिसाची ट्रॉफी परत नेऊन देतो म्हटलं, तर म्हणाली, ठेव.

मग शेजारी गेलो. बर्फ पडला होता. बेल वाजवली. नेवेना नव्हती. दार व्राचेवांनीच उघडलं, भिंतीला हात लावत लावत येऊन. थोडा वेळ नुसते उभे राहिले, नाकाने अंदाज घेत. कलपाचा वास नव्हता, जेवणाचाही नव्हता.

"कोण?"

"संजय."

"डबा आणलात?"

"नाही. आज काहीच आणलं नाही."

राग असता तर बरं झालं असतं. नुसत्या कुतूहलाने, पहिल्या दिवशी विचारत होते अगदी तसंच, त्यांनी विचारलं, "मग आज काय न्यायला आलात?"

माफी न्यायला आलो होतो. तसं म्हणताही येईना. दारातून गार वारा आत जात होता, म्हणून मीच दार ओढून घेतलं आणि घरी आलो.